आबांचा बिनभोकाचा रस्ता

माझे वडील, आबा, एसटीत खिडकीची जागा हट्टाने मिळवायचे आणि मिळाली की बाहेरचं काहीही बघायचे नाहीत. ऊस नाही, डोंगर नाही, नदी नाही. नजर खाली, डांबरावर. कोल्हापूरहून मुरगूडकडे आजोळी जाताना आई घरातलं काहीबाही बोलत असायची आणि हे मध्येच म्हणायचे, "धरा आता." आम्ही समोरची दांडी धरायच्या आत गाडी खड्ड्यात आदळायची. आईला वाटायचं, या माणसाला अख्खा रस्ता पाठ आहे. तसं नव्हतं. खड्डा कुठे असणार हे ओळखायची त्यांची एक खूण होती, आणि ती खूण म्हणजे त्यांचं जन्माचं दुखणं होतं.

आबा एका कंत्राटदाराकडे रोलर चालवायचे. मी सांगतेय ती नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हाचा त्यांचा रोलर म्हणजे पुढे एक रुंद लोखंडी चाक, मागे दोन, वर पत्र्याचं छप्पर, आणि वेग असा की शेजारून निघालेली म्हैस बघता बघता पुढे जायची. पण त्यावर बसलं की आबा वेगळेच व्हायचे. घरात सगळ्यांचं ऐकून घेणारा हा माणूस तिथे मुकादमाचंही ऐकायचा नाही. खडी आणि डांबराचा गरम माल रस्त्यावर पसरला की बाकीच्यांनी बाजूला सरायचं आणि आबांनी पुढे यायचं. माल गरम असताना वरून रोलर फिरला तर खडे एकमेकांत घट्ट बसतात, मधली हवा निघून जाते. गार झाल्यावर रोलर कितीही नाचवा, काही उपयोग नाही. "डांबर गरम हाय तवर ऐकतंय," आबा म्हणायचे, "गार झालं की तुझ्या आईगत." आई स्वयंपाकघरातून भांडं आपटून उत्तर द्यायची.

रस्ता झाला की काही दिवसांनी तपासणीवाले यायचे. दबाई नीट झाली आहे का, आत हवा राहिली आहे का, हे वरून बघून कळत नाही. म्हणून ते एक कापायचं यंत्र आणायचे आणि नव्या कोऱ्या रस्त्यातून डब्याएवढा गोल तुकडा काढायचे. तुकडा जायचा प्रयोगशाळेत, भोक राहायचं रस्त्यात. ते उरल्यासुरल्या मालाने भरून, पायाने दाबून बुजवायचे आणि मंडळी चहाला जायची. पुढच्या पावसाळ्यात पाणी नेमकं तिथूनच आत शिरायचं. मग तिथे खड्डा. एसटीतून आबा बघत असायचे ती खूण हीच. बुजवलेल्या भोकाचं काळं वर्तुळ लांबून दिसलं की ते म्हणायचे, "धरा आता."

"रस्ता चांगला हाय का बघायला रस्ताच फोडायचा," ते चिडून बोलायचे. "पोरगी पसंत हाय का बघायला तिचा दात पाडून बघतंय का कोण?"

मी वारणानगरला सिव्हिलचा डिप्लोमा केला तो काही आबांच्या रस्त्यांच्या प्रेमापोटी नाही. जेवढे मार्क पडले त्यात तेवढंच मिळालं. पण नोकरी लागली ती नेमकी राजारामपुरीतल्या एका साहित्य तपासणीच्या प्रयोगशाळेत. वर आम्ही काँक्रीटचे ठोकळे फोडायचो आणि खालच्या मजल्यावर क्लासातली मुलं एका सुरात काहीतरी घोकत असायची. ठोकळा फुटल्याचा आवाज झाला की घोकणं क्षणभर थांबायचं, मग परत सुरू. रस्त्यांचे कापलेले तुकडेही आमच्याकडेच यायचे. हे घरी कळलं त्या दिवशी आबा जेवताना माझ्याकडे बघेचनात.

"काय झालं ह्यांना?" मी आईला विचारलं.

"तू भोकंवाल्यांच्यात गेलीस न्हवं," आई म्हणाली.

पुढे बराच काळ मी त्यांची भोकंवाली बाई होते. संध्याकाळी दारात चप्पल काढली की आतून आवाज यायचा, "आल्या गं भोकंवाल्या बाई, च्या टाक." मीही बापाच्याच वळणावर गेलेली, तोंडाची फटकळ. मी म्हणायचे, "तुमची दबाई कच्ची निघाली म्हणून भोकं पाडावी लागतात." मग घरात ठिणगी पडायची. आईला आमची ही रोजची जुगलबंदी मनापासून आवडायची, हे मला फार नंतर कळलं.

आणि मग दोन हजार सालानंतर काही वर्षांनी आमच्या प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं. तव्यासारखा गोल सपाट तळ, वर दांडा, दांड्याला छोटा पडदा. रस्त्यावर नुसतं ठेवायचं. ते खालच्या थरात विजेचा हलकासा प्रभाव सोडतं आणि थर किती घट्ट आहे त्याचा आकडा पडद्यावर देतं. कापायचं नाही, फोडायचं नाही. साहेब आम्हाला सगळं समजावून सांगत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर एसटीच्या खिडकीतले आबा होते. संध्याकाळी घरी जाऊन मी सांगितलं तर विश्वास ठेवेनात. दुसऱ्या दिवशी दुपारी माणूस प्रयोगशाळेच्या दारात हजर, अंगात इस्त्रीचा सदरा. देवळात शिरावं तशा चपला बाहेर काढून आत आले.

मी यंत्र फरशीवर ठेवून दाखवलं. ते गुडघ्यावर हात ठेवून वाकले, चारी बाजूंनी बघितलं.

"म्हंजे भोक न्हाय?"

"न्हाय."

"एक बी?"

"आकडा चांगला आला तर एक बी न्हाय, आबा. वाईट आला तर मात्र त्या जागी कापून खात्री करून घ्यावी लागते."

"माजा आकडा कशाला वाईट येतोय?" ते म्हणाले. जाताना जिन्यात थांबून म्हणाले, "आता लई दिवस न्हाय माजं. गुडघं ऐकंनात. शेवटचा एक रस्ता करीन तो तुज्या ह्या तव्यावर तपास. त्यात भोक पडू देऊ नगंस. एक तरी बिनभोकाचा ऱ्हाऊ दे."

मी हो म्हणाले. बाप आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागत होता, आणि तेही जिन्यात, खाली मुलं पाढे म्हणत असताना. मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण आमच्या घरात तशी पद्धत नव्हती. मी म्हणाले, "चपला घाला, फरशी गार आहे."

तो शेवटचा रस्ता आला त्या हिवाळ्यात. मोठा हमरस्ता वगैरे नव्हता. गावातली एक गल्ली, मधोमध तालीम, दोन्ही बाजूंना दारं. वर्षानुवर्षं तिथे धूळ आणि चिखल आलटून पालटून नांदत होते. गल्लीने अर्ज केले, मोर्चे काढले, आणि अखेर डांबर मंजूर झालं. कंत्राट आबांच्या मालकाला मिळालं, आणि तपासणीचं काम आमच्याकडे आलं. मी साहेबांना स्वतःहून सांगितलं, माझे वडीलच रोलरवर आहेत, दुसऱ्या कुणाला पाठवा. साहेब हसले आणि म्हणाले, "तुमच्या घरातली भांडणं मी ऐकून आहे. तुझ्याइतकं कडक कोण बघणार?"

काम झालं त्या दिवशी मला तिथे जाता आलं नाही. यंत्र एकच, ते महामार्गाच्या कामावर अडकलेलं. मी संध्याकाळी घरी पोचले, थोड्या वेळाने बाहेर आबांच्या एम-एटीचा आवाज आला, आणि आई दारातच ओरडली, "अगं बया!"

आबांच्या डोक्याला फेटा होता. असातसा नाही, चांगला कोल्हापुरी, तुरा काढलेला, शेमला पाठीवर सोडलेला. कपाळावर कुंकू, खांद्यावर अक्षता. तसेच ते अर्ध्या गावातून गाडी चालवत आले होते. गल्लीतल्या तालीम मंडळाने सत्कार केला म्हणाले. हलगी वाजवली, आरती ओवाळली, नारळ फोडला. आईने मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढली. आबा लहान मुलासारखे उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी किती रस्ते केले, त्यांवर किती पुढाऱ्यांनी फिती कापल्या, पण रोलरवरच्या माणसाला कुणी कधी पाणी विचारलं नव्हतं. फेटा घालूनच ते जेवायला बसले. मला इतका आनंद झाला की आयतं निमित्त हातात असूनही मी त्यांना चिडवायचं विसरले.

एवढंच विचारलं, "दबाई कशी झाली?"

"झाली की," ते म्हणाले, आणि आईकडे भात मागितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यंत्र घेऊन त्या गल्लीत गेले. थंडी होती, ऊन नुकतंच गल्लीत उतरत होतं, आणि रस्ता असा देखणा की पाय ठेवायला नको वाटावं. दोन्ही टोकांना दोर बांधून गाड्या बंद केल्या होत्या. मी एका टोकापासून सुरुवात केली. यंत्र ठेवायचं, आकडा बघायचा, टिपायचा, पुढे सरकायचं. एका ओट्यावर एक म्हातारे आजोबा घोंगडं पांघरून ऊन खात बसले होते. माझं हे ठेव-उचल त्यांनी बराच वेळ बघितलं आणि मग हाक मारली.

"पोरी, पानी हुडकतीस काय?"

"न्हाय आजोबा, रस्ता तपासतेय."

"आमच्या गावात पानाड्या आसाच फिरायचा," ते म्हणाले. "नारळ घिऊन. तुजं लोखंडाचं हाय, एवढंच."

मी हसून पुढे गेले. आकडे सुरेख येत होते. आबांचा हात सगळीकडे दिसत होता, कडेलासुद्धा, जिथे रोलरवाले हमखास चुकारपणा करतात. तालमीसमोर आले तर आकडा आणखी वर चढला. सबंध गल्लीत सगळ्यांत घट्ट जागा तीच निघाली. मला वाटलं, फेटा बांधला त्या जागी माणसाने जीव ओतलेला दिसतोय. डोळ्यांत पाणी येतं की काय असं झालं. आता उरलेला भाग संपवायचा, घरी जायचं आणि आबांना सांगायचं, एक बी भोक न्हाय.

तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात नजर गेली. तिथे एक लहान आकडा असतो, थरातल्या ओलाव्याचा. तो भलताच वर होता. या यंत्राची एक खोड आहे. त्याला पाणी आवडतं. आत पाणी असलं की त्याला थर आहे त्यापेक्षा घट्ट वाटतो आणि ते आकडा फुगवून सांगतं. पण पाऊस नव्हता, रस्ता वरून कोरडा ठणठणीत होता. मी मागे जाऊन जरा बारकाईने बघितलं. दारांच्या मधल्या जागी ओलावा नव्हता. प्रत्येक दारासमोर थोडा होता. आणि तालमीच्या समोरच्या दारांपाशी तर खूपच.

मग दिसलं. त्या दारांपुढे डांबरावर रांगोळ्या होत्या. पांढऱ्याशुभ्र, ठिपक्यांच्या. आणि रांगोळीच्या आधी काय पडतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. धुळीची गल्ली होती तेव्हा धूळ बसावी म्हणून दारात सडा पडायचा. डांबर आलं, धूळ गेली, पण सकाळी उठून हात तांब्याकडे जायचा तो गेलाच. आख्ख्या गल्लीने माझ्या यंत्राच्या आधी उठून रस्त्यावर पाणी मारलं होतं. आजोबांनी बरोबर ओळखलं, मी पाणीच हुडकत होते.

यात मला खटकत होतं ते वेगळंच. सडा सगळ्यांनी सारखाच मारलेला. घट्ट थरावर पडलेलं पाणी वरच्या वर राहतं आणि वाळून जातं. मग तालमीसमोर ते आत कसं शिरलं? आत शिरायला जागा असेल तरच शिरणार.

एकच मार्ग होता. उद्या सकाळी सडा न मारता, कोरड्यावर परत तपासायचं. मी तालमीच्या समोरचं दार वाजवलं. एक धिप्पाड मावशी बाहेर आल्या, हाताला पीठ.

"मावशी, उद्या सकाळी एक दिवस दारात सडा घालू नका. सगळ्या गल्लीलाच सांगायचंय."

मावशींचा चेहरा उतरला. मग लाल झाला. "सडा न्हाय घालायचा? का? कोन मेलंय का माज्या घरात?"

मी जीभ चावली. सुतक असल्यावरच दार बिनसड्याचं राहतं, आणि मी सकाळी सकाळी दारोदार जाऊन सुतक पाळायला सांगत होते. मावशींचा आवाज ऐकून शेजारची दोन दारं उघडली. मी यंत्राचं, पाण्याचं, आकड्याचं सांगायला लागले, ते कुणाच्या डोक्यात शिरेना. शेवटी वैतागून म्हणाले, "अहो, माझ्या बापाने केलाय हा रस्ता. त्याचा शेवटचा रस्ता आहे. मला तो नीट तपासायचाय."

"कोन बाप? रोलरवालं पावणं?" मावशींचा सगळा राग पार विरघळला. "आगं, मग आदी सांगायचं न्हाय व्हय! ये, आत ये. च्या पिल्याबिगर सोडत न्हाय."

चहा झाला, आणि चहाबरोबर काल काय झालं ते सगळं मला ऐकायला मिळालं. मावशी हातवारे करून सांगत होत्या. "समदा माल पसरला, ह्या वाफा निघत हुत्या. तुजं बाबा रोलर घिऊन आलं तर आमची पोरं आडवी. पावणं, उतरा खाली, फेटा बांधल्याबिगर रोलर फुडं जायचा न्हाय. त्ये नगो नगो म्हनत हुतं, त्यास्नी हाताला धरून उतरीवलं. म्या सोता ववाळलं. मग हलगी. मग मंडळाच्या अध्यक्षाचं भाषान, त्ये काय लवकर संपतंय व्हय! लई येळ थांबीवलं बघ त्यास्नी. आमी सोडलंच न्हाय!"

त्या हसत होत्या, कौतुकाने त्यांचा चेहरा फुलला होता. मी बशी खाली ठेवली. हिवाळ्याची सकाळ, गार वारा, पातळ थर. तालमीसमोर गरम माल पसरलेला, आणि त्यावर फिरायचा रोलर बाजूला उभा, कारण त्याच्या ड्रायव्हरला लोक फेटा बांधत होते. भाषण संपेपर्यंत त्या मालात ऐकण्यासारखं काही उरलं नसणार. मावशींना यातलं काही सांगायचं मला धाडस झालं नाही, आणि अजूनही वाटतं, बरं झालं सांगितलं नाही.

सड्यावर तोडगा मावशींनीच काढला. रस्त्यावर पाणी मारायचं नाही, दाराच्या पायरीवर शिंपडायचं, रांगोळीही पायरीवरच. "द्येवाला काय, पायरी बी चालती," त्या म्हणाल्या आणि दुपारपर्यंत त्यांनी सगळ्या गल्लीला तंबी देऊन टाकली.

संध्याकाळी घरी आबा वाट बघत बसले होते. फेटा तसाच, बांधलेल्या आकारात, कपाटावर ठेवलेला.

"काय म्हणतोय तवा?"

"उद्या परत बघायचंय. ओल होती."

त्यांनी पुढे विचारलं नाही. एरवी त्यांनी मला ओलीवरून, तव्यावरून, माझ्या डिप्लोमावरून सोलून काढलं असतं. त्या रात्री ते लवकर झोपायला गेले. मला त्यांची ती शांतता अजिबात आवडली नाही.

सकाळी मी निघाले तर ते एम-एटी काढून तयार. "मी बी येतो," म्हणाले. हातात जेवणाची पिशवी, का ते मी विचारलं नाही.

गल्लीत कुणी रस्त्यावर थेंब पाडला नव्हता. पायऱ्यांवर रांगोळ्या, आणि बाया उंबऱ्यातून बघत उभ्या. कोरड्या रस्त्यावर मी यंत्र ठेवत निघाले, आबा हात पाठीमागे बांधून माझ्या शेजारून. आकडे कालच्यासारखेच चांगले. मग तालीम आली. मी यंत्र ठेवलं. ओलावा आता नावालाच होता, आणि घट्टपणाचा आकडा धाडकन खाली आला होता. उचलून थोडं बाजूला ठेवलं. तोच. आणखी पुढे ठेवलं. तोच. आबांना पडद्यावरचं वाचता येत नव्हतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी साहेबांना फोन लावला. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सगळ्या गल्लीची सरासरी काढलीस तर काम बसतंय. तुकडा लहान आहे. पण तिथे तू उभी आहेस. तू सांगशील तसं." फोनचा आवाज मोठा होता, आबांनी सगळं ऐकलं. कंत्राटदारही एव्हाना आला होता. तो लगेच म्हणाला, "बसतंय न्हवं? मग कशापायी उकरायचं?"

मला खरंच काय करावं कळेना. सरासरी लिहिली तर रस्ता पास, भोक नाही, आणि आबांना दिलेला शब्दही राहतो. पण पावसाळ्यात तालमीसमोर खड्डा पडणार हे मला दिसत होतं. माझ्या बापाच्या शेवटच्या रस्त्यात, मावशींच्या दारासमोर.

"आबा," मी हळू आवाजात म्हणाले, "हिथं माल गार झालावता."

"म्हाईत हाय मला."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते खाली, डांबराकडे बघत होते.

"त्या रोजीच म्हाईत हुतं," ते म्हणाले. "फेटा बांधत हुती तवा मी मालावरच उबा हुतो. चपलंतनं ऊब कमी व्हत चाललेली समजत हुती. म्हटलं, आता बास म्हनावं, आता चढावं. पन हलगी वाजत हुती की गं, पोरी. माज्यासाटनं वाजत हुती."

मला रडू आलं. गल्लीच्या मधोमध, कंत्राटदाराच्या समोर, हातात यंत्राचा दांडा धरून मी रडले. आबांनी खिशातला रुमाल काढून दिला. त्याला डिझेलचा वास येत होता.

"पाड भोक," ते म्हणाले.

"आबा, तुम्हीच म्हणालावता..."

"म्हनालोवतो. आता म्हनतोय पाड. भोक पाडल्याबिगर ह्यो मालक काय तुकडा बदलायचा न्हाय. हिथं पाड, मदोमद. दुसरीकडं हात लावायचा न्हाय."

दुपारी साहेब स्वतः कापायचं यंत्र घेऊन आले. पाण्याची धार सुरू झाली, पातं फिरायला लागलं, आणि आबा तिथेच उभे राहिले. इतकी वर्षं ज्या गोष्टीवरून त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं ती त्यांनी पापणी न हलवता बघितली. तुकडा बाहेर आला तो त्यांनी हातात घेतला. वरची बाजू चकचकीत होती. खालची बाजू दोन बोटांत धरली तर चुरा होऊन पडली. त्यांनी तो चुरा कंत्राटदाराच्या हातावर ठेवला. कंत्राटदाराने मग वाद घातला नाही.

ठरलं असं की तालमीसमोरचा तेवढा चौकोन कापून काढायचा आणि नव्याने घालायचा. रोलर आबांनीच चालवायचा, हेही ठरलं, म्हणजे आबांनी ठरवलं आणि बाकीच्यांनी मान हलवली.

ते काम झालं त्या दिवशी मी यंत्र घेऊन आधीपासून हजर होते. खराब थर निघाला, त्याच्याबरोबर आम्ही पाडलेलं भोकही गेलं. खळगा साफ झाला, गरम माल आला, पसरला, वाफा निघाल्या. आबा रोलरवर चढायच्या आधी गल्लीकडे वळले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "आज कुनी ववाळायचं न्हाय! कुनी आडवं यायचं न्हाय! समद्यांनी दारात उबं ऱ्हावा!"

आणि गल्ली उभी राहिली. तालमीची पोरं हलगी काखेत धरून कट्ट्यावर चिडीचूप. आजोबा घोंगड्यात. मावशी उंबऱ्यात, हातात आरतीचं ताट, निरांजन पेटवलेलं, पदराने वारा अडवत. कुणाची पायरी उतरायची हिंमत झाली नाही. रोलर पुढे गेला, मागे आला, परत गेला, परत आला. डांबर चिकटू नये म्हणून चाकावर सोडलेलं पाणी चर्रर्र वाजत होतं, तेवढाच काय तो आवाज. आबांची मान ताठ होती, ओठ घट्ट मिटलेले, आणि त्या क्षणी ते मला इतके आवडले की सांगता येत नाही.

काम उरकल्यावर त्यांनी रोलर बाजूला लावला, पण लगेच कुणाला पुढे येऊ दिलं नाही. थर निवला, पाणी वाळलं, मग माझ्याकडे बघून मान हलवली. मी यंत्र ठेवलं. मधोमध ठेवलं, कडांना ठेवलं, जुन्या-नव्याच्या सांध्यावर ठेवलं. ओलाव्याचा आकडा आधी बघितला. मग दुसरा.

"काय?" आबांनी विचारलं.

"चांगला आलाय. सगळ्या गल्लीएवढा."

"भोक?"

"न्हाय, आबा. एक बी न्हाय."

त्यांनी खाली वाकून नव्या चौकोनावर पालथा हात ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला. मग रोलरपाशी जाऊन जेवणाची पिशवी काढली, आणि पिशवीतून, घडी घालून आणलेला, तोच फेटा. तालमीच्या पोरांकडे जाऊन त्यांनी तो पुढे केला आणि कट्ट्यावर बसले.

"आता बांदा," ते म्हणाले. "आता किती बी येळ लावा. गार झालंय."